दगडाची पाठ

रंगाचा डबा मी अंगरख्यात, पोटाशी धरून चालत होते,
नाहीतर गोठतो.
तांबडा रंग. ब्रश दुसऱ्याच दिवशी मोडला,
मग मामाने याकच्या शेपटीचे केस काडीला बांधले
आणि म्हणाला, हा बरा. याला थंडी ठाऊक आहे.

काम साधं होतं.
दुनैच्या रोकाया मुकादमाने वहीत लिहून दिलेलं :
दर पन्नास पावलांवर एक दगड,
दर दगडावर एक बाण, वीतभर लांब,
टोक खिंडीकडे.
दगडामागे पंधरा रुपये.
पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे येतील पाठीवर घरं घेऊन,
त्यांना वाट सापडली पाहिजे.

मामाने विचारलं,
हरवली कधी होती?

तीस वर्षं तो मिठाच्या तांड्याबरोबर याच चढाने गेला.
त्याच्या तोंडी वाटेला आकडे नाहीत.
आंधळी मेंढी व्याली ती सपाटी.
जव सांडले तो उतार
(अजून दोन-चार रोपं उगवतात तिथे,
दाणा धरत नाही).
बहिणी भांडल्या तो ओढा.
आणि एक नुसताच 'तो दगड'.
तिथे तो टोपी काढतो,
मी कधी विचारलं नाही.
त्याच्यावर बाण काढायला वाकले
तेव्हा माझं मनगट धरून म्हणाला,
पन्नास पावलं व्हायचीत अजून.
मी मोजली होती. झाली होती.

पुढच्या दगडापाशी तोच थांबला.
गुडघ्यांवर हात ठेवून बाणाकडे बघत राहिला,
मिठाच्या सौद्यात कुणी माप मारलं की बघायचा, तसा.
सेमडुक, हा नुसतं 'जा' म्हणतोय.
उंबऱ्यावरून कुणाला 'जा' म्हणतात का?
निघणारासुद्धा 'जातो' म्हणत नाही,
'येतो' म्हणतो.
आणि दगडाला वळसा घालून
त्याने पाठीवर दुसरा बाण काढला,
टोक खाली, गावाकडे.

मामा, याचे पैसे नाहीत मिळणार.
नाहीत तर नाहीत.

आम्ही उतरलो, पार पहिल्या दगडापर्यंत,
सगळ्यांच्या पाठी रंगवत पुन्हा वर आलो.
एक अख्खा दिवस गेला त्यात.

मग चढ. बोलणं बंद, नुसती धाप.
दुपारी वारा सुटला की रंग ओघळायचा,
बाणांना शेपट्या फुटायच्या.
रात्री गुराख्यांच्या आडोशाला शेणी पेटवल्या,
चहात लोणी नावाला, मीठ मूठभर.
मामाच्या वाटीवर त्याची पाचही बोटं उमटली.
मी आतल्या आत हिशेब केला :
दगडाला दोन बाण, डबा एक.
बोलले नाही.
का, ते आजही सांगता येत नाही.

खिंडीखाली डबा वाजायला लागला.
एकोणीस दगड उरले होते.
मामाने काडीने तळ खरवडला, त्यात बर्फ घातला,
मुठीत धरून वितळवला.
फिकट पाणी झालं, थंडीत पोरांचे गाल होतात तसल्या रंगाचं.
कुठली बाजू, मी विचारलं.
उगाच विचारलं.
तो म्हणाला, चढणारा वर बघतोच गं.
उतरणाऱ्याच्या डोळ्यांत ढग असतो.

जव कापायच्या आधी मुकादम आला,
एकटाच, मोजत मोजत चढला.
वरून चिठ्ठी पाठवली एका मेंढपाळाबरोबर :
शेवटचे एकोणीस दगड कोरे.
दोनशे पंच्याऐंशी रुपये कापले.

खिंडीत तो दम घ्यायला थांबला असेल.
तिथेच जरा मान वळवली असती
तर एकामागे एक, ओळीने, सगळे दिसले असते,
पुसट,
त्याच्याच घराकडे तोंड करून.

वळला नाही. पलीकडे उतरून गेला.

मी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा
मामा खोगिराचा पट्टा शिवत होता.
दाताने दोरा तोडला.
येईल की, म्हणाला.